दार उघडलं, जिना बाकी होता

जेवणं आवरली असतील, कुणाची भांडी अजून राहिली असतील. हात चालू ठेवा, कान इकडे द्या.

मागच्या महिन्यात एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वह्यांवर सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, "ताई, एक विचारू? माझी पोरगी पीएच.डी. झाली. गावात पेढे वाटले आम्ही. नऊ वर्षं झाली, कॉलेजात शिकवतेय, पण अजून तासिका तत्त्वावरच. जेवढे तास घेतले तेवढे पैसे. तिच्या मागून आलेला एक सर आज विभागप्रमुख आहे. मग तिनं एवढं शिकून मिळवलं काय?"

बैठकीत कुणी काही बोललं नाही. मलाही पटकन उत्तर सुचलं नाही. मुलीला शाळेत घाला, शिकवा, हे आपण पन्नास वेळा बोललो. पण शिकलेली मुलगी कॉलेजात नोकरीला लागली की पुढे तिचं काय होतं, तिला बढती कोण देतं, ती वरच्या खुर्चीवर कधी बसते, यावर आपण कधी बोललोच नाही. मावशींचा प्रश्न मात्र जुना आहे, शंभर वर्षांहून जुना. म्हणून आज त्याचा थोडा इतिहास सांगते.

सुरुवात दारापासून करू. मुंबई विद्यापीठ सुरू झालं १८५७ साली. पहिली सव्वीस वर्षं तिथं मुलींना पदवीची वाटच नव्हती. १८८३ मध्ये नियम बदलला आणि मुलींना परीक्षेला बसता येऊ लागलं. नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि या विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. तिचे गुण एवढे चांगले होते की विलायतेत शिकायला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिलाच मिळायला हवी होती. ती मिळाली नाही, कारण एकच, ती बाई होती. पुढे विलायतेतल्या काही लोकांनी वर्गणी काढली, तेव्हा ती ऑक्सफर्डला गेली. तिथं १८९२ मध्ये तिनं कायद्याची परीक्षा दिली. त्या परीक्षेची पदवी तिच्या हातात पडली १९२२ साली. तीस वर्षांनी!

म्हणजे बघा, दार उघडणं ही एक गोष्ट झाली. आत गेल्यावर जिना चढू देणं ही दुसरी. पहिलीचा आपण सोहळा करतो. दुसरीकडे कुणाचं लक्ष नसतं.

हा जिना पायरी पायरीनं चढलेल्या एका मराठी बाईची गोष्ट आज सांगायची आहे. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या त्या भागवत. 'दुर्गा भागवत' हे नाव तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ऐकलं असेल. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झालेल्या, आणीबाणीच्या विरोधात उभं राहून बोललेल्या त्या लेखिका. कमला ही त्यांची धाकटी बहीण.

कमलाचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, दोघंही बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकून आलेले. टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली ही संस्था, म्हणून लोक तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. आपणही तिथंच जायचं, हे कमलाच्या मनानं घेतलं होतं. १९३३ मध्ये ती मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, तीही पहिल्या क्रमांकानं. अर्ज केला. पहिली आलेली मुलगी, तिला नाही कोण म्हणणार?

पण नकार आला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल पारितोषिक मिळवलेले, देशाला ज्यांचा अभिमान वाटावा असे शास्त्रज्ञ. त्यांनी सांगितलं, माझ्या संस्थेत मुलींना प्रवेश नाही. वडील भेटले, काका भेटले, उपयोग झाला नाही. मग बावीस वर्षांची कमला स्वतः बंगळूरला गेली आणि रामन यांना म्हणाली, मला का घेत नाही ते सांगा. कारण सांगता येत नसेल तर मी इथंच सत्याग्रहाला बसते. गांधीजींच्या चळवळीचे ते दिवस. सत्याग्रह म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण तीन अटींवर. या अटी नीट ऐका. पहिली, एक वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही, काम पसंत पडलं तरच ते वर्ष धरलं जाईल. दुसरी, मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणे रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल. आणि तिसरी, तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये.

तिसरी अट ऐकून तुम्हाला हसू आलं असेल, रागही आला असेल. लक्ष दुसऱ्याचं उडणार आणि बोल हिला लागणार! शेजारच्या टेबलावरच्या मुलाला अशी काही अट होती का? त्याला वर्षभर सिद्ध करायला सांगितलं होतं का? नाही. तो आला तेव्हापासून विद्यार्थीच होता. ही मात्र पहिली येऊनही उमेदवार.

कमलानं अटी मान्य केल्या. तो अपमान मात्र ती आयुष्यभर विसरली नाही. म्हातारपणीही त्या मुंबईत स्त्री-शास्त्रज्ञांच्या सभेत हे उघडपणे बोलल्या. रामन मोठे शास्त्रज्ञ होते, पण मनानं कोते होते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मोठ्या माणसाचा मोठेपणा मान्य करूनही त्याची चूक ही चूक म्हणता येते, हे मला त्यांच्याकडून शिकण्यासारखं वाटतं.

संस्थेत त्यांना श्रीनिवासय्या नावाचे मार्गदर्शक मिळाले. कडक शिस्तीचे, पण शिकवणारे. दूध, डाळी, कडधान्यं यांच्यातल्या प्रथिनांवर कमलाबाईंनी काम केलं. वर्ष सरलं. काम रामन यांना पसंत पडलं. नुसतं पसंत पडलं नाही, तर त्यानंतर त्या संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं. एका मुलीनं एक वर्ष अपमान गिळला आणि मागून येणाऱ्यांची वाट मोकळी झाली.

पण मोकळी म्हणजे किती मोकळी, तेही ऐका. काही वर्षांनी केरळची ॲना मणी तिथंच, रामन यांच्याच प्रयोगशाळेत संशोधनाला आली. पाच शोधनिबंध लिहिले, पीएच.डी.चा प्रबंधही तयार केला. पण तिच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नाही, असं कारण सांगून मद्रास विद्यापीठानं तिला पीएच.डी. दिली नाही. पुढे त्या देशाच्या हवामान खात्याच्या उपमहासंचालक झाल्या. काम सगळं झालं होतं, नावापुढे डॉक्टर मात्र लागलं नाही.

कमलाबाई १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्या आणि शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला, केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तिथली एक हकिकत मला फार आवडते. त्या पोहोचल्या तेव्हा प्रयोगशाळेत जागाच शिल्लक नव्हती. तिथं काम करणारे डेरेक रिक्टर नावाचे संशोधक पुढे आले. म्हणाले, माझं टेबल दिवसा तुम्ही वापरा, मी रात्री काम करीन. बंगळूरला बाईला सांगितलं, रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल. इथं एका पुरुषानं स्वतः रात्र घेतली आणि दिवस तिला दिला.

बाईला वर चढायला काय लागतं, असं कुणी विचारलं तर मी हे टेबल सांगीन. काम करायला जागा आणि दिवसाचा वेळ. शाबासकी त्यानंतरची.

त्या टेबलावर काम सुरू झालं. वनस्पतींच्या पेशी श्वास कशा घेतात, यावरचं. बटाट्यावर प्रयोग करताना त्यांना 'सायटोक्रोम सी' नावाचं द्रव्य सापडलं आणि ते वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत असतं, हे त्यांनी दाखवून दिलं. चौदा महिन्यांत काम पुरं केलं आणि अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध दिला. १९३९ मध्ये त्या पीएच.डी. झाल्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतात. आणि गंमत बघा, स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व केंब्रिजनं दिलं ते १९४८ साली. तोवर बायकांना मिळे ती नावापुरती पदवी. म्हणजे हे दुखणं केवळ आपल्याकडचं नव्हतं.

कमलाबाई त्याच वर्षी देशात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात, म्हणजे मुलींच्या वैद्यकीय महाविद्यालयात, नवीन निघालेल्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. तिथून दक्षिणेत कुन्नूरला गेल्या, आहारावर संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून. जीवनसत्त्वांवर काम केलं, निबंध छापून आले. पण इथून पुढे बढतीचं काय, हे काही स्पष्ट होईना. राजीनामा द्यावा की काय, असा विचार त्यांच्या मनात येऊ लागला.

इथं जरा थांबू या. केंब्रिजची डॉक्टर बाई, सहायक संचालक पदावरची, आणि तिलाही पुढची पायरी दिसत नाही. कुणी तिला भांडून बाहेर काढत नाही. कुणी अटीही घालत नाही. नुसतं पुढचं काही सांगत नाहीत. मावशी, तुमच्या लेकीचंही हेच आहे ना? तिला कुणी 'नको' म्हणत नाही. दर जूनमध्ये पुन्हा बोलावतात. कायम मात्र करत नाहीत.

१९४७ मध्ये कमलाबाईंचं लग्न झालं. पती माधवराव सोहोनी विम्याच्या हिशोबाचे तज्ज्ञ होते. त्या मुंबईला आल्या. तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली, अर्ज केला, निवड झाली. आणि आता त्यांनी जे काम केलं ते थेट आपल्या चुलीपर्यंत येतं.

पहिलं काम वालाचं. वाल, डबल बीन यांच्यात एक द्रव्य असतं. पोटात प्रथिनं पचवणारा जो रस असतो त्याला ते अडवतं. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते वेगळं काढून दाखवलं. शिजवल्यानं त्याचा जोर बराच कमी होतो. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, मग नीट शिजवायचे, ही आपल्या आज्या-पणज्यांची रीत. त्यामागचं शास्त्र असं प्रयोगशाळेत उलगडत होतं.

दुसरं काम नीरेचं. ताडाची, शिंदीची पहाटे उतरवलेली, आंबण्याआधीची गोड नीरा. तिच्या पोषणावर काम करावं असं राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी सुचवलं होतं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायका यांच्या आहारात नीरा दिली तर तब्येत सुधारते, असं त्यांच्या संशोधनातून दिसलं. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींकडून पुरस्कार मिळाला. शहरातल्या मोठ्या इमारतीत बसून त्या कुणासाठी राबत होत्या, ते यावरून कळतं.

एवढं काम, एवढे विद्यार्थी. संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क होता. पण ती खुर्ची त्यांना चार वर्षं मिळू दिली नाही. आतलं राजकारण आड आलं. चार वर्षांनी त्या संचालक झाल्या. देशातल्या एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखपदी बाई बसली, ही बातमी कळल्यावर आपलं टेबल देणाऱ्या त्या रिक्टर साहेबांना फार आनंद झाला होता.

ती चार वर्षं कुणी परत दिली नाहीत. बढती उशिरा मिळते तेव्हा पगार तर बुडतोच, पण त्या खुर्चीवरून जे करता आलं असतं, ते करायला माणसाकडे दिवसही कमी उरतात.

आता याच काळातली दुसरी वाट सांगते. कमलाबाई दुसऱ्यांच्या वाड्यात शिरून वर चढत होत्या. काही बायकांना मात्र स्वतःचाच वाडा मिळाला. १९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात स्त्रियांसाठी वेगळं विद्यापीठ काढलं. शिक्षण मातृभाषेतून. चार वर्षांनी सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव मिळालं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आपण ज्याला एस.एन.डी.टी. म्हणतो ते हेच.

तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. बायकांचं विद्यापीठ म्हणजे दुय्यम विद्यापीठ, असं म्हणणारे होतेच. पण एक गोष्ट तिथं घडली, जी इतर ठिकाणी घडत नव्हती. कारभार बायकांच्या हाती येऊ लागला. कर्व्यांची सून इरावती कर्वे, ज्यांनी पुढे महाभारतावर 'युगान्त' लिहिलं, त्या १९३१ ते १९३६ या काळात या विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. कुलसचिव म्हणजे ज्याच्या सहीनं परीक्षा, दप्तर, नेमणुका सगळं चालतं तो अधिकारी. १९५१ मध्ये सरकारनं कायदा करून या विद्यापीठाला मान्यता दिली, तेव्हा लेडी प्रेमलीला ठाकरसी पहिल्या कुलगुरू झाल्या. तिकडे बडोद्याला मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठात १९४९ पासून हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या.

आणि मुंबई विद्यापीठ? जिथून आपण सुरुवात केली ते? तिथं पहिल्या स्त्री कुलगुरू झाल्या डॉ. स्नेहलता देशमुख, १९९५ साली. बोटांवर मोजा. मुलींना दार उघडलं १८८३ मध्ये, कुलगुरूच्या खुर्चीवर बाई बसली १९९५ मध्ये. मध्ये एकशे बारा वर्षं गेली. पदवीधर बायका नव्हत्या असं नाही. हजारो होत्या. दारापासून खुर्चीपर्यंतचा जिना तेवढा लांब होता.

हे आपल्याला नवीन नाही. पंचायतीत १९९३ पासून बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. सरपंचाच्या खुर्चीवर बाई बसली. पण कपाटाची किल्ली कुणाच्या खिशात, शिक्का कुणाकडे, हे तुम्हीच मला सांगता. गटाच्या अध्यक्ष झालात तेव्हा पहिल्या दिवशी सहीला हात कापला होता. आता बँकेच्या साहेबाला तुम्ही हिशोब विचारता. ते तुम्ही वह्या सांभाळून शिकलात. विद्यापीठातही तसंच असतं. जिला परीक्षा विभाग सांभाळायला दिला, समितीवर घेतलं, अंदाजपत्रकाच्या बैठकीला बोलावलं, ती पुढे प्राचार्य होते. जिला फक्त स्नेहसंमेलनाची रांगोळी आणि पाहुण्यांचं औक्षण दिलं, ती तिथंच राहते.

म्हणून मावशी, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. लेकीनं मिळवलं काय, हा प्रश्न लेकीला विचारू नका. तिनं तिचं काम केलं आहे. प्रश्न कॉलेजला विचारा. आपण पालक म्हणून, गावकरी म्हणून मेळाव्याला जातोच ना? तिथं विचारा. तुमच्याकडे शिकवणाऱ्या बाया किती? त्यातल्या कायम किती आणि तासिका तत्त्वावर किती? विभागप्रमुख किती? कुठल्या समित्यांवर आहेत? आणखी एक गोष्ट ठाऊक असू द्या. कामाच्या ठिकाणी बायकांचा छळ झाला तर तक्रार घेणारी समिती असावी लागते, आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्रीच असली पाहिजे, असं २०१३ चा कायदा सांगतो. वरच्या पदावर बाईच नसेल तर ही समिती नीट चालायची कशी? बढती हा एकट्या लेकीचा प्रश्न नाही. तिथं शिकणाऱ्या प्रत्येक मुलीचा आहे.

घरी काय करायचं? तिच्याही वाट्याला ते टेबल येऊ द्या. परीक्षेचा, मुलाखतीचा, निबंध लिहिण्याचा काळ असेल तेव्हा तिच्या वाटची भाकरी कुणीतरी थापा. सासरी असेल तर व्याह्यांशी, जावयाशी बोला. रात्री सगळं आवरून मग अभ्यास कर, असं म्हणणं म्हणजे बंगळूरची ती दुसरी अटच झाली.

कमलाबाईंचा शेवट सांगते आणि थांबते. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईत ग्राहकांसाठी काम करणाऱ्या संस्थेत त्या राबल्या, अन्नातली भेसळ शोधली, तिच्या 'कीमत' नावाच्या मासिकात लिहिलं, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या. पण देशाला त्यांचा जणू विसर पडला होता. मग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. सत्यवती यांना त्यांचं काम कळलं आणि दिल्लीत त्यांचा सत्कार ठरला. १९९८ मध्ये त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.

उशीर झाला होता, फार उशीर. पण ही दखल घेतली गेली ती वरच्या खुर्चीवर एक बाई बसली होती तेव्हा, हे विसरू नका.

पुढच्या बैठकीत त्या मावशींच्या लेकीला बोलवा. तिचा अर्ज कुठं अडलाय, ते तिच्या तोंडून ऐकू या. कागद सोबत आणायला सांगा.